रात्रीचं पेट क्लिनिक, चार स्टार (एक बिलामुळे कापला)

रात्री उशिरा फोन लावला, आणि रिसेप्शनवरच्या मुलीने नाव-पत्ता विचारायच्या आधी विचारलं, "मांजराच्या अंगाला कुत्र्याचं काही औषध लावलंय का?" तिथेच अर्धा जीव भांड्यात पडला.

झालेलं असं की एका पेट शॉपवाल्याने पिसवांसाठी मानेवर सोडायचं औषध दिलं, पाकिटावर कुत्र्याचं चित्र, मिस्टरांनी विचारलंसुद्धा, तर म्हणे सेमच असतं हो, अर्धं टाका. काही तासांत मनीचे कान फडफडायला लागले, मग पाठीची कातडी थरथरायला लागली आणि ती ओल्या फरशीवरून गेल्यासारखी पाय झटकत चालायला लागली.

डॉक्टर स्वतः फोनवर आले. फिट येत नाहीये ना ते आधी विचारलं, मग म्हणाले भांड्याच्या लिक्विड साबणाने मान धुवा, पाणी कोमट, गरम नको, अंग चाटू देऊ नका, मिठाचं पाणी पाजून उलटी अजिबात काढू नका, पाकीट घेऊन लगेच निघा. पाकिटावर परमेथ्रिन, म्हणजे पिसवा मारायचं कीटकनाशक. कुत्र्याला चालतं पण मांजराच्या लिव्हरला ते नीट मोडता येत नाही, आणि त्यावर खास उतारा पण नाही, म्हणून सलाईन, थरथर थांबवायची इंजेक्शनं आणि सारखं टेम्परेचर बघणं. ॲडमिट ठेवलं, व्हिडिओ पाठवत राहिले, मनी आता ठणठणीत आहे.

शेजारी एका काकूंचा बोका होता, तापाला म्हणून घरीच अर्धी पॅरासिटामॉल दिलेली, तोंड सुजलेलं, हिरड्या चॉकलेटी. डॉक्टर काकूंवर चिडले, पण इलाज तेवढ्याच तातडीने सुरू केला.

घरी सोडताना मराठीत छापलेला कागद देतात, हे मला सगळ्यात आवडलं. फिनाईलने पुसलेली फरशी वाळेपर्यंत मांजर बाहेर, कारण ते पंजे चाटतं. लिलीची फुलं घरात नकोच, नुसते परागकण किंवा फुलदाणीतलं पाणी पोटात गेलं तरी किडनी जाऊ शकते. उंदराचं औषध खाल्लं असेल तर काही औषधांनी मांजर दोन-तीन दिवस नॉर्मल दिसतं आणि मग रक्तस्राव सुरू होतो, त्यामुळे वाट बघत बसू नका.

तक्रार एवढीच की कुत्री-मांजरं एकाच खोलीत बसवतात, आणि बिलाचा हिशोब मागितल्याशिवाय देत नाहीत. रात्री कार्ड मशीन बंद असतं, यूपीआय चालतं.