घरी सस्पेन्शनची स्प्रिंग बदलताना वापरलेला दोन आकड्यांचा स्प्रिंग कॉम्प्रेसर

मोटारीच्या पुढच्या चाकांच्या स्प्रिंगा घरी बदलायच्या असतील, तर पाने, जॅक आणि स्टँड यांच्या जोडीला एक अवजार लागतेच, आणि ते म्हणजे स्प्रिंग दाबून धरणारा कॉम्प्रेसर. म्हापशातील अवजारांच्या एका दुकानातून मी दोन आकड्यांचा, म्हणजे दोन सुटे आटेदार दांडे आणि प्रत्येक दांड्यावर दोन आकडे (हुक) असलेला, कॉम्प्रेसरचा जोड पावणेदोन हजार रुपयांना घेतला. दोन्ही बाजूंच्या स्प्रिंगा त्याने बदलल्या आणि त्यानंतर एक अख्खा पावसाळा गाडी चालवली. हे अवजार कोणी घ्यावे, कोणी घेऊ नये आणि घेतल्यास कशाची खात्री करावी, एवढ्यापुरतेच हे परीक्षण आहे.

माझी गाडी लहान पेट्रोल हॅचबॅक आहे. पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉक अॅब्सॉर्बर यांची एकत्र उभी जुळणी) आणि मागे टॉर्शन बीम (दोन्ही मागच्या चाकांना जोडणारी आडवी तुळई) ही या वर्गातील बहुतेक गाड्यांची रचना तिलाही आहे. मी मये येथे राहतो आणि पणजीला जाताना अनेकदा चोडण-रायबंदर फेरीबोटीने मांडवी ओलांडतो. भरतीच्या वेळी धक्क्याच्या उतारावर पाणी चढलेले असते, बोटीवर चढताना आणि उतरताना पुढची चाके त्यातून जातात आणि ते पाणी खारे असते. नऊ वर्षे हे चालल्यावर एके दिवशी अंगणात स्टीयरिंग पूर्ण वळवताना डाव्या चाकाकडून ‘कट्’ असा आवाज येऊ लागला. चाकाच्या मध्यापासून वरच्या पत्र्याच्या कडेपर्यंतचे अंतर मोजले, तेव्हा डावी बाजू उजवीपेक्षा १२ मिलिमीटर खाली बसलेली आढळली. विजेरी घेऊन आत पाहिले असता स्प्रिंगच्या सर्वांत खालच्या वेढ्याचा तुकडा मोडून बशीत, म्हणजे स्प्रिंग ज्या खोलगट आधारावर बसते त्यात, पडलेला दिसला.

स्प्रिंग नेमकी तिथेच का मोडते, हे समजून घेणे उपयोगाचे आहे. गुंडाळीची स्प्रिंग दाबली जाते तेव्हा तिची तार पिळली जाते आणि या पिळाचा सर्वाधिक ताण तारेच्या पृष्ठभागावर येतो. पृष्ठभागावरचा लेप खड्याने उडाला किंवा खालच्या बशीत साचलेल्या लाल चिखलाने घासला गेला, की मिठाचे पाणी तिथे गंजाचे बारीक खड्डे पाडते. प्रत्येक खड्ड्याभोवती ताण एकवटतो आणि लाखो वेळा दबल्यानंतर तिथून भेग सुरू होते. वरचे वेढे पावसात धुऊन निघतात, पण खालच्या बशीत चिखल आणि ओल टिकून राहते. म्हणून किनाऱ्यालगतच्या गावांत जुनी गाडी घेणाऱ्याने आधी हा खालचा वेढा पाहावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

नव्या स्प्रिंगा घेताना घडलेली एक गोष्ट इथे सांगायला हवी. सुट्या भागांच्या दुकानात मला प्रथम दिलेला जोड त्याच मॉडेलचा, पण डिझेल गाडीचा होता. डिझेल इंजिन जड असल्यामुळे त्या गाडीची पुढची स्प्रिंग अधिक कडक असते. दोन्ही स्प्रिंगा हातात घेतल्यावर सारख्याच दिसतात, फरक कळतो तो भाग क्रमांकावरून आणि तारेवर मारलेल्या रंगाच्या पट्ट्यांवरून. मी जुन्या स्प्रिंगच्या पट्ट्यांचे छायाचित्र काढून नेले होते, त्यामुळे चूक तिथेच लक्षात आली आणि दुकानदाराने तक्रार न करता योग्य जोड काढून दिला. एकच स्प्रिंग मोडली असली तरी जोडी बदलावी, कारण नऊ वर्षे दबलेली आणि नवी अशा दोन स्प्रिंगांची उंची सारखी राहत नाही. गाडी खाली बसवण्यासाठी स्प्रिंगचे वेढे कापून घेण्याचा प्रकार काही ठिकाणी चालतो, तो पूर्णपणे टाळावा. कापलेली स्प्रिंग बशीत नीट बसत नाही, आणि मूळ रचनेत असा बदल करण्याला मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ चीही आडकाठी आहे.

आता अवजाराकडे वळतो. स्ट्रट गाडीतून काढला तरी स्प्रिंग त्याच्यावर दबलेल्या अवस्थेतच असते, आणि तिला धरून ठेवतो तो फक्त वरचा एक नट. कॉम्प्रेसरशिवाय तो नट सोडला, तर वरचे माउंट, म्हणजे स्ट्रट गाडीच्या सांगाड्याला जोडणारा भाग, गोळीसारखे उडते. अंदाज येण्यासाठी साधा हिशेब करता येतो. स्प्रिंगचा कडकपणा मिलिमीटरला २० न्यूटन धरला आणि ती १५० मिलिमीटर दाबली, तर तिच्यावरचा जोर ३००० न्यूटन, म्हणजे सुमारे ३०० किलो वजनाइतका होतो, आणि तिच्यात साठलेली ऊर्जा २२५ ज्यूल भरते. सिमेंटची ५० किलोची गोण जवळजवळ अर्ध्या मीटरवरून पायावर पडावी, तेवढी ही ऊर्जा आहे. ती सगळी या दोन दांड्यांच्या आट्यांवर आणि चार आकड्यांवर तोललेली असते. त्यामुळे हे अवजार निवडताना किंमत हा शेवटचा निकष असावा, हे मी घेण्यापूर्वी जेवढे मानत होतो त्याहून अधिक आता मानतो.

मी घेतलेल्या जोडाची जमेची बाजू ही, की त्याचे आकडे घडीव पोलादाचे आहेत, पत्रा वाकवून केलेले नाहीत. दांड्याचे आटे जाड व चौकोनी धाटणीचे आहेत आणि प्रत्येक आकड्याला तारेभोवती बसणारी सुरक्षा पिन आहे. पिन नसलेला जोड त्याच दुकानात सहाशे रुपये स्वस्त मिळत होता. तो कोणीही घेऊ नये. उणीवही तितकीच स्पष्ट आहे. खोक्यावर किंवा दांड्यावर हा जोड किती भार पेलतो आणि किती जाडीच्या तारेसाठी आहे, याचा एक अक्षरही उल्लेख नाही. सोबत माहितीपत्रक नाही. आटे कोरडे ठणठणीत होते आणि त्यांत रंगाचे कण अडकलेले होते. ते घासलेटने धुऊन, तारेच्या ब्रशने घासून, भरपूर ग्रीस लावेपर्यंत मी तो स्प्रिंगला लावलाच नाही. जी वस्तू चुकीच्या हाती जीवघेणी ठरू शकते, ती इतक्या मुक्या खोक्यात विकली जाणे मला अजिबात पटलेले नाही.

काम करण्यासाठी जागा निवडताना थोडा विचार करावा लागला. आमच्या अंगणात चिरे बसवलेले आहेत. जांभ्या दगडावर स्टँडचा सगळा भार चार लहान पायांवर येतो, तेव्हा दगड ठिसूळ असल्यास पाय रुततो आणि गाडी कलते. म्हणून गाडी पोर्चमधील काँक्रीटवर घेतली, मागच्या चाकांना लाकडी ठोकळे लावले, जमिनीवर असतानाच चाकांचे नट किंचित सैल केले आणि मग पुढची दोन्ही चाके उचलून गाडी स्टँडवर ठेवली. दोन्ही चाके एकदम उचलण्याचा फायदा असा, की दोन्ही बाजूंना जोडणाऱ्या आडव्या स्टॅबिलायझर बारवर पीळ राहत नाही आणि त्याची लिंक हाताने निघते. ब्रेकची रबरी नळी आणि एबीएसची वायर स्ट्रटवरून सोडवली, नकलला (चाक ज्यावर बसते त्या भागाला) जोडणाऱ्या दोन बोल्टांच्या जागा खडूने खुणावल्या आणि नकल खाली दोरीने बांधून ठेवली, म्हणजे ती बाहेर कलंडून चाक फिरवणाऱ्या ड्राइव्ह शाफ्टचा आतला सांधा निखळणार नाही. आदल्या रात्री आणि सकाळी असे दोनदा गंज सोडवणारे द्रव मारूनही डाव्या बाजूचा खालचा बोल्ट लांब पाइप घालून जोर लावल्यावरच हलला. शेवटी बॉनेटखालचे माउंटचे नट सोडले आणि स्ट्रट बाहेर आला. इथपर्यंतचे काम कष्टाचे आहे, पण धोक्याचे नाही, आणि थोडीफार पान्यांची सवय असलेला कोणीही ते करू शकतो.

खरी परीक्षा त्यानंतर होती. दोन दांडे स्प्रिंगच्या अगदी समोरासमोर लावायचे, शक्य तितके जास्त वेढे आकड्यांत घ्यायचे आणि एका दांड्याला दोन फेरे, मग दुसऱ्याला दोन फेरे, अशा पाळीने आवळत जायचे. पहिल्या प्रयत्नात साधारण निम्मे अंतर दाबले गेल्यावर स्ट्रट धरून बसलेला माझा भाचा म्हणाला, “मामा, थांबा, खालचा आकडा सरकतोय.” पाहिले तर तो तारेवरून घसरत दुसऱ्या दांड्याच्या बाजूला बोटभर आला होता आणि स्प्रिंग एका अंगाला वाकू लागली होती. वेढा तिरका चढत असल्यामुळे आणि नव्या रंगाच्या आकड्याची पकड गुळगुळीत असल्यामुळे हे घडते. आम्ही तितक्याच सावकाश पाळीने दोन्ही दांडे पूर्ण सैल केले, आकड्यांच्या आतला रंग कानशीने काढून टाकला, तारेवरचे तेल पुसले आणि पुन्हा सुरुवात केली. दुसऱ्या वेळी आकडे जागचे हलले नाहीत. या प्रसंगात पिन असल्यामुळे आकडा तारेवरून सुटला नाही, म्हणून मघाशी पिनेविषयी इतक्या ठामपणे लिहिले. ज्याला भाच्यासारखा लक्ष ठेवणारा दुसरा माणूस उपलब्ध नाही, त्याने हे काम एकट्याने हाती घेऊ नये.

स्प्रिंग बशीवर हाताने हलू लागली, म्हणजे वरच्या माउंटवरचा जोर संपला असे समजावे, आणि त्यानंतरच वरच्या त्या मधल्या नटाला पाना लावावा. शॉक अॅब्सॉर्बरचा दांडा सोबत फिरू नये म्हणून त्याच्या टोकाला अॅलन की लावून धरावी लागते. संपूर्ण वेळ स्ट्रटची दोन्ही टोके माणसांपासून दूर, भिंतीच्या दिशेने ठेवली होती. आवळताना विजेवर चालणारी इम्पॅक्ट गन वापरण्याचा मोह होतो, पण जोराच्या ठोक्यांनी आटे तापून एकमेकांत अडकतात आणि अर्ध्या दाबलेल्या स्थितीत ते अडकणे ही सर्वांत वाईट अवस्था होय. साखळीजवळच्या ज्या गॅरेजवाल्या काकांना मी आधी विचारले होते, त्यांनीही हेच बजावले होते: “गन लावू नका, हातानेच फिरवा, वेळ लागला तर लागू दे.”

नवी स्प्रिंग जुन्यापेक्षा लांब असल्यामुळे ती आणखी थोडी दाबावी लागली आणि तिथे या अवजाराची दुसरी मर्यादा दिसली. आकडे इतके रुंद आहेत, की जवळजवळ आलेल्या खालच्या वेढ्यांत ते शिरतच नाहीत आणि त्यामुळे एक वेढा कमी पकडावा लागतो. स्प्रिंगचे खालचे टोक बशीतल्या पायरीला टेकवून, नवा नट घालून वरची जुळणी केली. सगळे सुटे असतानाच शॉक अॅब्सॉर्बरला तेल गळते का, आतला रबरी बंपर फाटला आहे का आणि माउंटचे बेअरिंग खरखरते का, हे पाहून घ्यावे. माझ्या डाव्या बाजूचे बेअरिंग गंजलेले निघाले, ते दोन्हीकडचे बदलले. डाव्या बाजूला साडेतीन तास गेले, उजवीला दीड तास पुरला. सर्व नट कारखान्याच्या पुस्तिकेत दिलेल्या मापाने टॉर्क पान्यानेच आवळले.

दुसऱ्या दिवशी पर्वरीला जाऊन व्हील अलाइनमेंट करून घेतली. खडूच्या खुणा जुळवूनही चाकांचा कोन थोडा सरकलेला निघाला, तेव्हा हा खर्च वाचवण्याचा विचार करू नये. दोन्ही बाजूंच्या उंचीत आता ३ मिलिमीटरचा फरक आहे, स्टीयरिंगचा आवाज गेला आहे आणि चोर्ला घाटातील वळणांवर गाडीचे पुढचे अंग पूर्वीसारखे एका बाजूला झुकत नाही. मागच्या स्प्रिंगांसाठी मात्र हा कॉम्प्रेसर लागणार नाही. टॉर्शन बीमच्या रचनेत शॉक अॅब्सॉर्बरचे खालचे बोल्ट काढून बीम जॅकने हळूहळू खाली सोडला, की स्प्रिंग मोकळी होते.

लहान हॅचबॅकच्या पुढच्या स्प्रिंगांसाठी, दोन माणसे आणि भरपूर वेळ असेल, तर घडीव आकडे आणि सुरक्षा पिना असलेला असा जोड काम करतो. मोठ्या एसयूव्हीच्या जाड तारेसाठी भारक्षमता न छापलेला जोड मी स्वतः वापरणार नाही आणि दुसऱ्या कोणाला वापरायला देणारही नाही. ज्यांच्या जवळपासच्या गॅरेजमध्ये जमिनीवर घट्ट बसवलेला स्प्रिंग दाबण्याचा प्रेस आहे, त्यांनी स्ट्रट घरी काढून तिथे न्यावा, स्प्रिंग तिथे बदलून घ्यावी आणि परत आणून घरी बसवावा. यात घरच्या कामाचे समाधान जात नाही आणि मजुरीही थोडीच द्यावी लागते. दोन स्प्रिंगांसाठी मी हा जोड विकत घेतला, त्यापेक्षा तो मार्ग अधिक शहाणपणाचा होता, असे आज वाटते.

अवजार ग्रीस लावून जुन्या मेणकापडात गुंडाळून ठेवले होते. चवथीनंतर उघडून पाहिले, तेव्हा दांड्यांचे आटे स्वच्छ होते, पण चारांपैकी दोन पिनांवर गंज धरला होता. त्या दोन पिना मी फेकून दिल्या असून, त्याच जाडीच्या नव्या पिना मिळेपर्यंत हा जोड कोणाला उसना द्यायचा नाही, असे भाच्याला सांगून ठेवले आहे.