नाताळच्या गोठ्यासाठी क्रोशाचे प्राणी : तयार संचातलं काय ठेवावं, काय बदलावं

दिवाळी झाली की लोकरीच्या दुकानांत आणि ऑनलाइनही क्रोशाचे छोटे प्राणी विणायचे तयार संच दिसायला लागतात. इथे लिहितो आहोत तो नाताळच्या गोठ्यासाठी, म्हणजे येशूजन्माच्या देखाव्यासाठी, चार प्राण्यांचा संच आहे: मेंढी, गाय, गाढव आणि रेनडिअर. किंमत 1,150 रुपये. खोक्यावरचं नाव मुद्दाम देत नाही. नावापेक्षा आतलं सामान ओळखता आलं, तर कुठलाही संच हातात घेऊन पारखता येतो.

आधी निकाल सांगतो. नमुने फार गोड आहेत. गाढवाचा चेहरा तर इतका समजूतदार उतरतो की संच घ्यायला तेवढंच कारण पुरे आहे. दोरा बरा आहे. पण भरायचा कापूस आणि आतली तार गोव्याच्या हवेत टिकणारी नाही. ही दोन्ही सरळ बाजूला ठेवा आणि दुसरं सामान वापरा.

खोक्यात काय निघतं? पाच रंगांच्या लहान गुंड्या (पांढरा 25 ग्रॅम, राखाडी, तपकिरी, काळा आणि लाल), 2.5 मिलिमीटरची क्रोशाची सुई, शिवायला प्लास्टिकची सुई, 8 मिलिमीटरचे काळे डोळे आठ जोड्या, कापसाची पिशवी, पातळ लोखंडी तार, सोनेरी दोरी आणि इंग्रजी पत्रक.

दोरा 'मिल्क कॉटन' नावाचा, म्हणजे सूत आणि ॲक्रिलिकचं मिश्रण. पाच पदरी, पीळ सैल. स्पर्शाला मऊ, पण सुईचं टोक पदरांच्या मधून जातं आणि टाका दुभंगतो. पाच पदरांपैकी चारच सुईवर आले, की बाहेर एक बारीक फास लोंबत राहतो. पांढऱ्यात तो दिसत नाही, राखाडीत लगेच डोळ्यांत भरतो. असं झालं तर पुढे रेटू नका, तो टाका तिथेच उसवा. संचातल्या सुईच्या खाचेला किंचित धार आहे, म्हणून पदर जास्त फाटतात. घरात गोलसर तोंडाची 2.5 ची चांगली सुई असेल तर ती घ्या. 3 किंवा 3.5 ची मात्र नको. टाक्यांमध्ये फटी पडतात आणि भरलेलं बाहेर दिसतं. विणलेला तुकडा बोटावर ताणून उजेडाकडे धरा. भोकं दिसली तर सुई अर्ध्या मिलिमीटरने लहान करा.

आता पत्रक. नवशिक्यांचा खरा घोटाळा इथेच होतो. आकृतीत टाक्यांची अमेरिकन नावं आहेत आणि मजकुरात ब्रिटिश शब्द. ब्रिटिश पद्धतीत ज्याला 'डबल क्रोशे' म्हणतात, तोच अमेरिकन 'सिंगल क्रोशे' आणि तोच आपला मुका खांब, म्हणजे बुटका, घट्ट टाका. पत्रकात 'डबल' वाचून कुणी साधा खांब (उंच टाका) घालायला गेलं तर मेंढीच्या अंगाची जाळी होते. मेंढीची लोकर सोडली तर हे चारही प्राणी पहिल्यापासून शेवटपर्यंत मुक्या खांबाचेच आहेत, एवढं पत्रकाच्या डोक्यावर पेनाने लिहून ठेवा.

दुसरी चूक गाढवाच्या अंगाच्या पाचव्या फेरीत आहे. चौथ्या फेरीअखेर 24 टाके होतात. पत्रक सांगतं, चार मुके खांब आणि एक वाढ (एकाच टाक्यात दोन टाके), असं सहा वेळा. करून पाहा: चार वेळा झालं की चारच टाके उरतात आणि वाढीला जागा नसते. हवं ते 'तीन मुके खांब आणि एक वाढ, सहा वेळा', म्हणजे 30. अशा चुका पत्रकाशिवायही पकडता येतात. मॅजिक रिंगमध्ये, म्हणजे दोरा ओढून बंद होणाऱ्या सुरुवातीच्या फासात, 6 टाके. दुसऱ्या फेरीत प्रत्येक टाक्यात वाढ, 12. तिसरीत एक सोडून वाढ, 18. चौथीत दोन सोडून, 24. पाचवीत तीन सोडून, 30. दर फेरीला सहाच टाके वाढतात आणि वाढीआधीचा साधा टाका एकाने वाढतो. ही पायरी डोक्यात बसली की कुठल्याही पत्रकातली छपाईची चूक दिसते.

वाढी मात्र प्रत्येक फेरीत एकावर एक आल्या तर गोळा षटकोनी होतो. गाईच्या डोक्याला अशा सहा कडा स्पष्ट दिसतात. त्यावर उपाय असा: चौथी फेरी 'एक मुका खांब, वाढ, एक मुका खांब' अशी सहा वेळा करा. टाके 24 च होतात, पण वाढी सरकतात आणि डोकं गोल येतं. फेरीच्या पहिल्या टाक्यात वेगळ्या रंगाच्या दोऱ्याचा तुकडा अडकवून ठेवायला विसरू नका. गोल गोल विणताना फेरीचा सांधा दिसत नाही आणि मोजणी चुकली की कान एका बाजूला जातात. उजव्या हाताने विणताना मुका खांब प्रत्येक फेरीत किंचित उजवीकडे सरकतो, म्हणून पाय आणि कान 'सांध्यापासून मोजून' शिवले तर तिरके बसतात. आधी चेहऱ्याची जागा ठरवा, मग तिथून मोजा.

घट घालताना, म्हणजे दोन टाक्यांचा एक करताना, दोन्ही टाक्यांच्या माथ्यावरचे फक्त पुढचे फास सुईवर घ्या, दोरा ओढा, मग दोन्हींतून एकदम काढा. नेहमीच्या घटीने गाठीसारखा उंचवटा येतो. मेंढीच्या पोटाखाली तो चालतो, गाढवाच्या तोंडावर नाही.

मेंढीबद्दल थोडं जास्त सांगायला हवं, कारण संच संपतो तिच्यामुळे. तिची लोकर बॉबल टाक्याची आहे: एकाच टाक्यात चार साधे खांब अर्धवट घालून ते एकत्र बंद करायचे, मग दोन मुके खांब, पुन्हा बॉबल. दिसायला सुरेख, पण दोरा खूप खाते. त्यात पांढरा रंग गाईच्या कपाळाला आणि गाढवाच्या तोंडालाही लागतो. पत्रकाच्या क्रमाने मेंढी आधी विणली तर गाढवापर्यंत पांढरा संपतो. म्हणून क्रम उलटा करा. आधी गाढवाचं तोंड, मग गाईचं कपाळ, शेवटी मेंढी. तरी कमी पडलाच तर मेंढीचं पोट साध्या मुक्या खांबाचं ठेवा, गोठ्यात ते कुणाला दिसत नाही. दुकानातून वेगळा पांढरा आणून अर्ध्यात जोडला तर मात्र दिसतो. एक पांढरा निळसर असतो, दुसरा पिवळसर. शेजारी शेजारी आले की मेंढी ठिगळ लावल्यासारखी वाटते.

डोळे 8 मिलिमीटरचे दिले आहेत. साडेतीन सेंटिमीटरच्या डोक्याला ते फार मोठे, गाय घाबरलेली दिसते. 6 मिलिमीटरचे घ्या. मागची चकती एकदा दाबली की काढता येत नाही, म्हणून आधी दोन टाचण्या लावून पाहा. सातव्या आणि आठव्या फेरीच्या मध्ये, दोघांत पाच टाक्यांचं अंतर ठेवलं तर चेहरा शांत येतो. चार टाके केले की लहान पिल्लासारखा, सहा केले की भाबडा. घरात तीन वर्षांखालचं मूल असेल तर हे डोळे लावूच नका, काळ्या दोऱ्याने टाका भरा. विणलेल्या कापडाचं भोक ओढलं की ताणतं आणि चकतीसकट डोळा बाहेर येतो. ही सजावट आहे, खेळणं नाही, हे खोक्यावर कुठेच लिहिलेलं नाही. लिहायला हवं होतं.

कापसाची पिशवी मात्र सरळ बाजूला ठेवा. साधा कापूस आपल्या हवेतला दमटपणा ओढतो, गोळा होतो आणि मग प्राण्याची मान मोडते. काही जण सावरीचा कापूस भरायचं सुचवतात. त्याचे तंतू गुळगुळीत आणि आखूड असतात, टाक्यांच्या फटीतून थोडे थोडे बाहेर येत राहतात. पॉलिस्टरचा फायबर घ्या, उशांच्या दुकानात सुटा मिळतो. चारही प्राण्यांना मिळून साधारण 60 ग्रॅम पुरतो. तो आधी बोटांनी पिंजून मोकळा करा आणि लहान चिमटीने भरा. मोठा गोळा एकदम कोंबला तर बाहेरून गाठी दिसतात. पाय घट्ट भरा, पोट मध्यम, मान पुन्हा घट्ट. मान सैल राहिली की डोकं आठ दिवसांत खाली झुकतं.

गोठ्यातला प्राणी उभा राहायला हवा आणि हा संच तिथे कमी पडतो. गाईचे पाय गोल टोकाचे आहेत, ती कलंडते. पायाची पहिली फेरी 6, दुसरी 12 झाली की तिसरी फेरी फक्त मागच्या फासातून विणा. तळवा सपाट होतो आणि कड उभी राहते. पोटात खाली एक काचेची गोटी घाला, वजन तळाशी राहतं. वजनासाठी चिंचोके किंवा तांदूळ नकोत, त्यांना कीड लागते. किनाऱ्यावरचा गोटा घ्यायचाच तर चांगला धुऊन, वाळवून घ्या. मिठाचा अंश राहिला तर तोही पाणी ओढतो. चारही पाय एका पातळीत आहेत का, हे शिवण्याआधी टाचण्या लावून टेबलावर उभं करून पाहावं.

गोव्याच्या गोठ्यात आणखी एक गोष्ट असते, जी कुठल्याही परदेशी नमुन्याने गृहीत धरलेली नाही: नाचणीची हिरवळ. ताटात नाचणी पेरून तिच्यावर रोज पाणी शिंपडतात. नाताळापर्यंत बोटभर हिरवं कुरण तयार होतं आणि प्राणी त्यातच उभे करतात. सुताचे पाय ती ओल वर ओढतात. चार दिवसांत तळव्याला हिरवट डाग पडतो, आठवड्यात बुरशीचे काळे ठिपके दिसतात, आणि ते धुऊन जात नाहीत. मिठाईच्या डब्याच्या पारदर्शक झाकणाचे पायांपेक्षा किंचित मोठे तुकडे कापा आणि पायांखाली ठेवा. कौलाचा तुकडा ठेवू नका, कौल स्वतःच पाणी पितं.

रेनडिअर गोठ्यात शोभत नाही, हे आमचं स्पष्ट मत आहे. 1223 साली इटलीतल्या ग्रेच्चो गावी असिसीच्या संत फ्रान्सिसने गोठ्याचा देखावा मांडला, तेव्हा त्यात बैल आणि गाढव होते. तेव्हापासून गोठ्यातली ही जोडी कायम आहे, आणि मेंढ्या मेंढपाळांबरोबर येतात. रेनडिअर झाडावर किंवा बाल्कांवात (घरापुढच्या बैठकीच्या ओट्यावर) नक्षत्राच्या, म्हणजे ताऱ्याच्या आकाराच्या कंदिलाच्या, बाजूला टांगा. त्याच्या शिंगांत पत्रक लोखंडी तार घालायला सांगतं. खाऱ्या हवेत ती गंजते आणि गंजाचा तांबूस डाग तपकिरी दोऱ्यातूनही बाहेर दिसतो. विजेच्या वायरमधली तांब्याची तार, तिचं प्लास्टिकचं आवरण न काढता वापरा. दोन्ही टोकं वाकवून घ्या, म्हणजे दोऱ्यातून बाहेर येणार नाहीत. सोनेरी दोरी दिसायला छान, पण तिचा मुलामा निघतो. तंगूस (गळाची नायलॉनची दोरी) चांगली, मासेमारीच्या सामानाच्या दुकानात मिळते, दिसतही नाही. एकाच टाक्यातून ओवली तर टाका लांबत जातो. पाठीतून आत घालून पोटाशी काढा, तिथे बारीक मणी अडकवा आणि परत वर आणा. तंगूसची एकच गाठ सुटते, तीन घाला. नक्षत्रात जुना पिवळा बल्ब असेल तर त्याच्यापासून रेनडिअर वीतभर दूर ठेवा. ॲक्रिलिक उष्णतेने वितळतं.

लाल गुंडी फक्त नाक आणि गळपट्टीसाठी आहे, पण तिची परीक्षा आधी घ्या. वीतभर दोरा ओल्या पांढऱ्या फडक्यात दहा मिनिटं दाबून ठेवा. फडकं गुलाबी झालं तर तो रंग पांढऱ्याशेजारी वापरू नका. मीठ आणि व्हिनेगरचे उपाय सुताच्या रंगावर भरवशाचे नाहीत. प्लास्टिकची सुई घट्ट टाक्यातून ओढताना वाकते. बोथट टोकाची धातूची लोकरीची सुई काही रुपयांत मिळते, तीच घ्या.

वेळेचा हिशेब करून सुरुवात करा. हात बसलेल्याला मेंढीला चार ते पाच तास, गाढवाला सहा, गाईला तेवढेच. शिवणकाम वेगळं, आणि त्यालाच कंटाळा येतो. रोज दोन तास धरले तर तिघांना दहा-बारा संध्याकाळी लागतात. 8 डिसेंबरच्या पणजीच्या फेस्ताआधी (चर्चच्या सणाआधी) विणून व्हायला हवं, कारण त्यानंतर गोठ्याचं बांधकाम सुरू होतं आणि विणायला कुणी बसत नाही.

राखाडी दोरा मात्र सढळ दिला आहे. गाढव झाल्यावर सात-आठ ग्रॅम उरतो. त्यात चवथीसाठी (गणेश चतुर्थीसाठी) एक उंदीर होतो: 6, 12, 18, 24, मग चार फेऱ्या तशाच, पुढे घट घालत निमुळतं तोंड, आणि शेपटीला 20 साखळ्या. तो पुढच्या श्रावणात विणा. पावसात मिश्र दोराही ओलसर राहतो, म्हणून उंदीर माटोळीखाली (गणपतीवर टांगलेल्या फळा-पानांच्या सजावटीखाली) पाण्याच्या जवळ न ठेवता कोरड्या पाटावर बसवा.

6 जानेवारीला तीन राजांचं फेस्त झालं आणि गोठा उतरवला, की प्राणी लगेच प्लास्टिकच्या पिशवीत कोंबू नका. आधी दोन दिवस सावलीत, वाऱ्यावर ठेवा. कडक उन्हात राखाडी रंग उतरतो. मग जुन्या सुती कापडात गुंडाळून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. औषधांच्या बाटल्यांत येणाऱ्या सिलिका जेलच्या दोन-तीन पुड्या सोबत टाका. मृगाच्या आधी एकदा आणि पाऊस ओसरल्यावर एकदा डबा उघडून पाहा. कुबट वास आला तर पुड्या बदला, आणि गाढवाचे कान आधी तपासा. ते दुहेरी विणलेले आहेत आणि ओल तिथेच सगळ्यात जास्त वेळ टिकते.