नखाची बुरशी: गोळ्या घ्याव्यात की लेप लावावा?

पायाच्या अंगठ्याचं नख पिवळं पडून जाड झालं, कडेने भुगा सुटू लागला, की दोन पर्याय समोर येतात. एक टर्बिनाफाइनच्या गोळ्या, दुसरा नेलपॉलिशसारखा लावायचा लेप: अमोरोल्फिन किंवा सायक्लोपिरॉक्स.

गोळीचा हिशेब सरळ आहे. रोज २५० मिलिग्रॅमची एक. हाताच्या नखांना ६ आठवडे, पायाच्या नखांना १२. औषध रक्तातून नखाच्या मुळाशी पोचतं आणि नखात मुरून राहतं, म्हणून गोळ्या संपल्यावरही काही महिने काम चालू असतं. लेपाला मात्र वरून, त्या जाड थरातून आत शिरायचं असतं. अमोरोल्फिन नख घासून आठवड्यातून एकदा-दोनदा. सायक्लोपिरॉक्स रोज, तेही ४८ आठवडे. पायाच्या नखांवरच्या चाचण्यांत टर्बिनाफाइनने बुरशी जाऊन नखही पूर्ण स्वच्छ झालं ते ३८ टक्के लोकांचं. सायक्लोपिरॉक्सला १० टक्केही गाठता आले नाहीत.

मग लेप घ्यायचाच कशाला? कारण तो पोटात जात नाही. टर्बिनाफाइनने क्वचित यकृताला इजा होते, काहींची चव जाते आणि ती परतायला वेळ लागतो. यकृताचा आजार असेल तर गोळी नकोच. गरोदरपणात ती सहसा पुढे ढकलतात. नैराश्यावरच्या किंवा रक्तदाबाच्या काही औषधांशीही तिचं जमत नाही. चालू औषधांची यादी डॉक्टरांना दाखवा.

माझं मत विचाराल तर एक-दोन नखांची फक्त टोकं बिघडली असतील तर लेप पुरे. अर्ध्याहून अधिक नख गेलं असेल किंवा मुळापर्यंत पिवळेपणा पोचला असेल, तर नुसत्या लेपावर वर्ष घालवू नका.

कुठलंही औषध घेतलं तरी बिघडलेलं नख सुधारत नाही; मागून चांगलं नख येतं आणि जुनं पुढे सरकत कापलं जातं. हाताचं नख महिन्याला सुमारे ३ मिलिमीटर वाढतं, पायाचं त्याच्या निम्म्याने. अंगठ्याचं पूर्ण नख बदलायला १२ ते १८ महिने. तीन महिन्यांत ‘फरक नाही’ म्हणून लेप सोडणारे इथेच फसतात.

आणि हो, बिघडलेल्या नखांपैकी जेमतेम निम्म्यांतच बुरशी असते. सोरायसिस किंवा घट्ट बुटांचा मार हुबेहूब तसाच दिसतो. म्हणून नखाचा भुगा आधी तपासायला द्या, आणि तोही औषध सुरू करण्यापूर्वी. लेप लावून झाल्यावर दिलेल्या नमुन्यात बुरशी असूनही सापडत नाही.