घरच्या संगणकाचा मुख्य ड्राइव्ह बदलताना : सॅमसंग ८७० इव्हो, १ टीबी

संगणक सुस्थितीत आहे, प्रोसेसर आणि रॅम कामाला पुरतात, पण सी ड्राइव्हची पट्टी लाल झाली आहे आणि जागेअभावी विंडोजचे अपडेट अडून बसते, अशा वेळी नवा संगणक घेण्यापेक्षा मुख्य ड्राइव्ह मोठा करून घेणे हाच योग्य खर्च आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. आमच्या घरी २५० जीबीची जुनी एसएसडी (फिरत्या तबकडीऐवजी चिपवर डेटा साठवणारा ड्राइव्ह) काढून तिच्या जागी सॅमसंगची ८७० इव्हो ही १ टीबीची एसएसडी बसवली. कोल्हापुरातील राजारामपुरीच्या एका दुकानातून ती खरेदी केली आणि जुन्या ड्राइव्हवरील सर्व काही नव्यावर उतरवण्याचे कामही त्याच दुकानाकडे सोपवले. वस्तू उत्तम आहेच. परंतु अशा बदलाचे यश वस्तूपेक्षा त्या उतरवण्याच्या कामावर अधिक अवलंबून असते, म्हणून येथे दोन्हींविषयी लिहीत आहे.

आमचा संगणक इंटेलच्या आठव्या पिढीच्या प्रोसेसरचा आहे आणि त्याच्या मदरबोर्डवर एम.२ ड्राइव्ह, म्हणजे थेट मदरबोर्डच्या खाचेत बसणारा पट्टीसारखा ड्राइव्ह, बसवण्याची सोय नाही. त्यामुळे साटा या जुन्या, केबलच्या जोडणीवर चालणारी अडीच इंची एसएसडी हाच सरळ पर्याय होता. साटाची तिसरी आवृत्ती सेकंदाला ६ गिगाबिट वेगाची असली तरी सांकेतीकरणात जाणारा भाग वजा करता प्रत्यक्ष डेटासाठी सेकंदाला ६०० एमबीच उरतात. ८७० इव्होचा वाचनाचा कमाल वेग ५६० एमबी आणि लेखनाचा ५३० एमबी सांगितला जातो, म्हणजे या जोडणीतून जेवढे मिळू शकते ते जवळपास सगळे ती देते. एम.२ च्या खाचेत बसणारे एनव्हीएमई प्रकारचे ड्राइव्ह कागदावर याच्या सहापट, कधी बारापटही वेगवान असतात. मात्र संगणक सुरू होणे, ब्राउझर उघडणे, लग्नपत्रिकेची फाइल उघडणे या रोजच्या कामांत लहान लहान तुकड्यांचे वाचन होत असल्याने तो फरक हाताला फारसा जाणवत नाही. फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कवरून एसएसडीवर येणाऱ्याला जो बदल दिसतो, तसा बदल एका एसएसडीवरून दुसऱ्या एसएसडीवर जाताना दिसणार नाही. येथे पैसे मोजायचे ते जागेसाठी आणि टिकाऊपणासाठी.

जागेविषयी एक गोष्ट आधीच लक्षात घ्यावी. उत्पादक १ टीबी म्हणजे एक लाख कोटी बाइट्स धरतात, तर विंडोज १०२४ च्या पटीत मोजते. म्हणून पडद्यावर सुमारे ९३१ जीबी दिसतात. यात फसवणूक नाही. टिकाऊपणाच्या बाबतीत १ टीबीच्या या मॉडेलला ६०० टीबी लेखनाची किंवा ५ वर्षांची, यांपैकी जे आधी पूर्ण होईल त्याची वॉरंटी आहे. दिवसाला ४० जीबी लिहिले, जे घरगुती वापरात क्वचितच होते, तरी ती लेखनमर्यादा गाठायला ४१ वर्षे लागतील. २५० जीबीच्या मॉडेलची हीच मर्यादा १५० टीबी आहे, म्हणजे मोठ्या क्षमतेबरोबर आयुष्यही त्याच प्रमाणात वाढते. शिवाय भरलेल्या एसएसडीला आतली आवराआवर करायला मोकळे कप्पे मिळत नाहीत आणि तिचे लेखन मंदावते. दहा-पंधरा टक्के जागा कायम मोकळी ठेवता येणे हा मोठ्या ड्राइव्हचा न दिसणारा लाभ आहे.

आता मुख्य कामाकडे वळतो. आमच्या घरी मराठी डीटीपीचे काम चालते: लग्नपत्रिका, तालीम मंडळांचे अहवाल, गणेशोत्सवाच्या वर्गणीची पावतीपुस्तके. जुन्या मजकुराच्या अनेक फाइल पेजमेकर या पानांच्या मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये आहेत आणि त्या सॉफ्टवेअरची ७.० ही शेवटची मोठी आवृत्ती २००१ मध्ये आली होती. अशा संगणकावर विंडोज नव्याने टाकणे म्हणजे जुने फॉन्ट, कळफलकाच्या मांडण्या, प्रिंटरची जुळणी हे सगळे पुन्हा उभे करणे. त्यातील काहींच्या मूळ सीडी आज कोणाकडे सापडणार नाहीत. म्हणूनच आम्ही क्लोन करण्याचा, म्हणजे जुना ड्राइव्ह जसाच्या तसा नव्यावर उतरवण्याचा आग्रह धरला. दुकानातील तंत्रज्ञांनी कॅबिनेट उघडण्यापूर्वी दोन प्रश्न विचारले: ‘तुमच्या कामाचा बॅकअप वेगळा घेतला आहे का?’ आणि ‘बिटलॉकर चालू आहे का?’ या दोन प्रश्नांसाठीच मी या दुकानाला पहिला मान देईन. बिटलॉकर म्हणजे ड्राइव्हवरील डेटा कुलूपबंद, म्हणजेच कूटबद्ध, करणारी विंडोजची सोय. अनेक नव्या संगणकांत विंडोज ११ सोबत ड्राइव्हचे कूटबद्धीकरण आपोआप चालू झालेले असते. ते क्लोनपूर्वी थांबवले नाही आणि ते कुलूप उघडणारा लांबलचक क्रमांक, म्हणजे रिकव्हरी की, हाताशी नसली, तर स्वतःचाच संगणक स्वतःला उघडता येत नाही.

त्यांनी नवी एसएसडी यूएसबीने न जोडता मदरबोर्डवरील मोकळ्या साटा जोडणीवर थेट लावली, हेही योग्यच होते. कोणी घरी यूएसबीने हे काम करणार असेल, तर निदान यूएसबी ३.० ची जोडणी वापरावी. जुन्या यूएसबी २.० वरून २०० जीबी उतरवायला दीड तासाहून अधिक वेळ जातो. क्लोन पूर्ण झाल्यावर जुना ड्राइव्ह काढून केवळ नव्यावर संगणक सुरू करून पाहणे आवश्यक असते, कारण दोन्ही ड्राइव्हची ओळख एकच असल्याने ते एकत्र जोडले की विंडोज त्यांपैकी एक बंद ठेवते किंवा भलत्याच ड्राइव्हवरून सुरू होते. तंत्रज्ञांनी हा क्रम पाळला. विंडोजचा परवाना प्रामुख्याने मदरबोर्डशी जोडलेला असल्याने तो पुन्हा मागितला गेला नाही.

येथे बहुतेकांची निराशा होते अशी एक जागा आहे. क्लोन झाल्यावर सी ड्राइव्ह पूर्वीएवढाच दिसतो आणि उरलेली जागा ‘अनअलोकेटेड’ (कोणत्याच ड्राइव्हला न जोडलेली) म्हणून शेवटी पडून राहते. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंट या साधनात जाऊन सी वाढवायला जावे, तर वाढवण्याचा पर्याय फिकट झालेला असतो. याचे कारण असे, की सी आणि मोकळी जागा यांच्या मध्ये विंडोजचे रिकव्हरी पार्टिशन, म्हणजे दुरुस्तीसाठी राखून ठेवलेला ड्राइव्हचा छोटा भाग, बसलेले असते आणि हे साधन केवळ लगतची जागाच जोडू शकते. ते पार्टिशन पुसून टाकणे हा उपाय सर्रास सुचवला जातो, पण मग संगणक बिघडल्यास दुरुस्तीचा अंगभूत मार्गच नाहीसा होतो. आमच्या तंत्रज्ञांनी ते पार्टिशन ड्राइव्हच्या शेवटी सरकवले आणि नंतर सी वाढवला. वेळ थोडा अधिक गेला. काम नीट झाले.

वीजपुरवठ्याचीही काळजी घ्यावी. कोल्हापुरात वळवाचा पाऊस सुरू झाला की वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो, त्यामुळे क्लोनचे काम यूपीएसवरच करावे. जुनी एसएसडी लगेच पुसून इतर कामाला लावू नये. नव्या ड्राइव्हवर सगळे व्यवस्थित चालल्याची खात्री होईपर्यंत तोच सर्वांत पूर्ण बॅकअप असतो. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरांनंतर हे वेगळे सांगावे लागू नये, पण शाहूपुरी, नागाळा पार्क यांसारख्या भागांत राहणाऱ्यांनी तो बॅकअप तळमजल्यावर, संगणकाशेजारी ठेवू नये. आम्ही आमची जुनी एसएसडी उंचावरच्या वस्तीतील नातेवाइकांकडे ठेवली आहे.

उणिवाही सांगतो. या एसएसडीच्या खोक्यात ड्राइव्ह आणि माहितीपत्रक एवढेच असते. केबल, स्क्रू किंवा साडेतीन इंची कप्प्यात बसवण्याची पट्टी वेगळी घ्यावी लागते. सॅमसंगचे डेटा मायग्रेशन हे सॉफ्टवेअर मोफत असले, तरी ते विंडोजवरच चालते आणि सॅमसंगच्याच ड्राइव्हवर उतरवून देते. साटा एसएसडीच्या किमतीत अनेकदा तितक्याच क्षमतेचा एनव्हीएमई ड्राइव्ह मिळतो, म्हणून ज्यांच्या मदरबोर्डवर एम.२ ची सोय आहे त्यांनी ही घेऊ नये. तसेच विंडोज १० चे नियमित सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले आहे. विंडोज ११ पेलू न शकणाऱ्या संगणकावर हा खर्च करण्यापूर्वी तो संगणक आणखी किती काळ वापरायचा आहे, हे आधी ठरवावे. बाकीच्यांनी जीएसटीचे पक्के बिल घ्यावे, ड्राइव्हवरचा सीरियल नंबर त्या बिलावर लिहून घ्यावा, आणि ५०० जीबी व १ टीबी यांत मन दोलायमान असेल तर १ टीबीच घ्यावी.