काडिझचं तापास जेवण: एकेक बशी, चौघांत वाटून

स्पेनच्या नैऋत्य किनाऱ्यावर काडिझ नावाचं जुनं बंदर आहे. सेव्हिलहून रेल्वेने साधारण पावणेदोन तास. तिथे ला विन्या नावाची कोळ्यांची जुनी वस्ती आहे, आणि त्या वस्तीतल्या एका गल्लीत, ला कालेताच्या किनाऱ्यापासून चालत पाच मिनिटांवर, आम्ही मे महिन्यात एक दुपार तापास, म्हणजे छोट्या बशांत येणारे, वाटून खायचे पदार्थ, जेवलो. मी नागपूरच्या महाल भागात वाढलेली, रविवारी सावजीचा रस्सा नसेल तर जेवण झालं असं वाटत नाही. तरी सांगते, इतकं चवदार बिनतिखट जेवण मी आजवर जेवले नव्हते. उन्हाळ्यात युरोपचा बेत आखणाऱ्या नागपूरकरांसाठी सविस्तर लिहितेय.

आम्ही चौघं होतो. मी, आमचे हे, जाऊबाई आणि सेव्हिलला शिकणारा पुतण्या. जाऊबाई पक्क्या शाकाहारी, अंडंही चालत नाही. हे आणि मी मासे-मटण सगळं खातो. बाहेर जेवायला गेलं की आमच्यात नेहमी दोन पंगती पडतात आणि जाऊबाईंच्या वाट्याला कुठला तरी एकच पदार्थ येतो. इथे तसं झालं नाही, आणि म्हणूनच या जागेचं एवढं कौतुक.

टेबलं गल्लीतच मांडलेली. घरी फोन केला तर नागपूर ४५ अंशांवर भाजत होतं, इथे अंगावर खारं वारं. पुतण्याने यादी पाहून सात पदार्थ सांगितले. वाढणाऱ्या काकांनी तीनच लिहून घेतले आणि म्हणाले, हे आधी खा, मग बघू. त्या गृहस्थांचं हे एक वाक्य म्हणजे अख्ख्या जेवणाची किल्ली. बशी येते ती कढईतून थेट, चौघांचे काटे तिच्यावर पडतात, ती संपत आली की पुढची सांगायची. काही गार होत नाही, काही उरत नाही. आपल्याकडे नागपुरात काही नव्या कॅफेंमध्ये तापासच्या नावाखाली सहा बशा एकदम आणून आदळतात आणि चौथ्या बशीकडे वळेस्तोवर तळलेलं सगळं मऊ पडलेलं असतं. त्यांनी काडिझला जाऊन नुसतं बसून पाहावं.

पहिली आली तोर्तियीता दे कामारोनेस. ही काडिझची खास ओळख. बेसन आणि थोडा गव्हाचा मैदा पाण्यात अगदी पातळ कालवतात, त्यात बारीक कांदा, पार्सलीची पानं आणि खाडीतली इवलीशी कोळंबी, सालासकट, अख्खी. पीठ चमच्याने गरम तेलात सोडून चमच्याच्याच पाठीने पसरतात. आपल्या कांदाभज्याला कुणी लाटून जाळी पाडावी तशी ती दिसते. उन्हाकडे धरली तर आरपार उजेड येतो आणि कोळंबीचे डोळे काळ्या ठिपक्यांसारखे दिसतात. कडा मोडली की कुर्रकन आवाज, मधोमध किंचित ओलसर, आणि तेल बोटांना जेमतेम लागलेलं. बेसनाचा वास ओळखीचा, चव मात्र समुद्राची. बाप्पा, काय चीज आहे! आम्ही ती पुन्हा मागवली.

जाऊबाईंसाठी पापास आलिन्यास. सालासकट उकडलेले आलू सोलून, गरम असतानाच ऑलिव्ह तेल, शेरीचा व्हिनेगर, मीठ, कांदा आणि पार्सली घालून मुरवतात आणि कोमट खातात. पहिली बशी आली तर वर टुना मासा आणि अंडं! पुतण्याने मांस नको एवढंच सांगितलं होतं, आणि तिथे मांसात मासा धरत नाहीत. काकांनी तोंड वाकडं न करता बशी आमच्याकडे सरकवली आणि जाऊबाईंसाठी दुसरी, साधी आणली. तेव्हा शाकाहारी मंडळींनी तीनही गोष्टी वेगवेगळ्या सांगाव्यात: सिन कार्ने (मांस नको), सिन पेस्कादो (मासा नको), सिन वेवो (अंडं नको). शिवाय हामोन म्हणजे डुकराचं खारवलेलं मांस, ते भाजीवरही भुरभुरतात, त्याचंही नाव घ्यावं. मधाच्या पाकासारखी उसाची काकवी घातलेली तळलेली वांगी आम्हाला हवी होती, पण माशाच्याच तेलात तळतो हे काकांनी आपणहून सांगितलं. हा प्रामाणिकपणा मला फार आवडला. त्याऐवजी त्यांनी पालक-छोले सुचवले, जिरं-लसूण घातलेले. जिऱ्याचा वास येताच जाऊबाईंचा चेहरा खुलला. ती बशी मीही अर्धी संपवली.

मे महिना म्हणजे तिथे टुनाचा हंगाम. वसंतात मोठे टुना अटलांटिकमधून भूमध्य समुद्राकडे जातात आणि बार्बाते आणि साहारा दे लोस आतुनेस या गावांच्या किनाऱ्यांवर आल्माद्राबा नावाच्या जाळ्यांच्या चक्रव्यूहात ते पकडतात. ही पद्धत शेकडो वर्षांची आहे. आम्ही भरपूर कांद्यात मंद शिजवलेला टुना घेतला. कांदा पार विरघळलेला, मासा मटणासारखा भरीव. यांनी पावाने बशी पुसून घेतली आणि सोबत सानलुकार गावची गार मांझानिया, म्हणजे तिथली कोरडी शेरी वाइन, घेतली. कासोन एन आदोबो, म्हणजे व्हिनेगर, ओरेगानो, जिरं आणि पाप्रिकात मुरवून तळलेला मुशी मासा, तोही छान होता, पण टुनापुढे फिका वाटला.

जेवताना पुतण्याने सांगितलं की १४९३ साली कोलंबस १७ जहाजं घेऊन दुसऱ्या सफरीला निघाला तो याच काडिझहून. मिरची, आलू, टमाटर हे सगळं त्या अमेरिकेच्या वाटेनं या मुलखात आलं. मिरची पुढे पोर्तुगीजांबरोबर आपल्याकडे पोचली आणि भिवापूरच्या शेतांत रुजली. इथल्या लोकांनी तिच्यातला रंग आणि वास ठेवला, तिखट आपण घेतलं. माझ्या पर्समध्ये इतवारीतल्या सावजी मसाल्याची पुडी होती, ती उघडायची इच्छाच झाली नाही.

कमी पडलं ते असं. पाव न मागता येतो आणि माणशी वेगळा लावतात, बिल नीट पाहा. तळलेली समुद्रपुष्पं (फुलासारखे दिसणारे समुद्री जीव, सी अ‍ॅनिमोन) इथे मोठ्या आवडीनं खातात, मला त्यांचा बुळबुळीतपणा जमला नाही, यांना आवडली. गोडात दम नाही, त्यासाठी थांबू नका.

चौघांचे पोटभर ७२ युरो झाले. तापा (छोटी बशी), मेदिया रासिओन (अर्धी) आणि रासिओन (पूर्ण) अशा तीन मापांत पदार्थ मिळतात. चौघं असाल तर मधलं माप घ्या, तापा घेतली तर एकेकाला एकच घास येतो. दुपारचं जेवण दीडनंतर सुरू होतं आणि चारच्या सुमारास स्वयंपाकघर बंद. रात्री साडेआठच्या आधी कुणी विचारत नाही. लेकरं किंवा म्हातारी माणसं सोबत असतील तर दुपारीच जा, आणि दीडच्या ठोक्याला पोचा. दोननंतर त्या गल्लीत खुर्ची मिळत नाही.