एक लिटरचा डेस्कटॉप, एक टीबीची एसएसडी आणि अकोल्याचा उन्हाळा: नऊ-दहा महिन्यांचा अनुभव

आधी मशिनबद्दल, कारण एसएसडी (हार्डडिस्कच्या जागी बसणारी, चिपवर डेटा साठवणारी ड्राइव्ह) कुठली घ्यायची हे मशिनच ठरवतं. आमच्या डीटीपीच्या दुकानात रिफर्बिश्ड लेनोवो थिंकसेंटर एम९२०क्यू टायनी आहे. आत आय५-८५००टी, सहा कोर, ३५ वॅटचा प्रोसेसर आणि १६ जीबी रॅम. आकार साधारण १८ बाय १८ सेंटीमीटर, जाडी साडेतीन सेंटीमीटर, म्हणजे सगळं मिळून साधारण एक लिटरचं आकारमान. आठव्या पिढीचा प्रोसेसर मुद्दाम बघून घेतला होता, कारण विंडोज ११ अधिकृतपणे त्याच पिढीपासून पुढे चालतं आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार हे माहीत होतं. मशिनसोबत एक जुनी लॅपटॉपवाली हार्डडिस्क आली होती. कोरलड्रॉ हे डिझाइनचं सॉफ्टवेअर उघडायला टाकावं आणि तोवर गिऱ्हाइकासाठी चहा सांगावा, असा तिचा वेग.

एसएसडी विचारायला गेलो तेव्हा दुकानदार म्हणाला, "भाऊ, एम डॉट टू म्हणजे एम डॉट टू, सगळीकडे बसते." बसते हे खरं, पण चालेलच असं नाही. एम.२ हे फक्त पट्टीच्या आकाराचं नाव आहे. त्या पट्टीवरून साटाही जातं (हार्डडिस्कच्या काळापासूनची जुनी, हळू जोडणी) आणि पीसीआयईही जातं (वेगवान जोडणी, तिच्यावर चालणाऱ्या एसएसडीला एनव्हीएमई म्हणतात). एकाच कंपनीचं, वेस्टर्न डिजिटलचं (डब्ल्यूडी) उदाहरण घ्या. डब्ल्यूडी ब्लू एसए५१० ची एम.२ पट्टी साटा आहे, डब्ल्यूडी ब्लू एसएन५८० एनव्हीएमई आहे. नाव ब्लू, रंग निळा, लांबी दोन्हींची ८० मिलिमीटर. फरक कळतो तो सोनेरी दातांवरून. साटावाल्या पट्टीला बहुतेक वेळा दोन खाचा असतात, एनव्हीएमईला बहुतेक एकच. पण दोन खाचांच्या काही एनव्हीएमई पट्ट्याही निघाल्या आहेत, त्यामुळे खाचांवर भरवसा ठेवण्यापेक्षा डब्यावरचा मॉडेल नंबर वाचावा. एम९२०क्यूमध्ये एसएसडीसाठी एकच एम.२ स्लॉट आहे: २२८० मापाचा, पीसीआयई ३.० (तिसरी पिढी), चार लेनचा, म्हणजे डेटाच्या चार वाटांचा. २२८० म्हणजे २२ मिलिमीटर रुंद, ८० मिलिमीटर लांब. वायफायचा छोटा स्लॉटही आत दिसतो. त्याच्याकडे एसएसडीच्या आशेने बघू नये, त्याची खाच वेगळी असते.

मी घेतली एसएन५८०, १ टीबी. डब्यावर वेग ४१५० एमबी प्रतिसेकंद लिहिलाय, कारण ती चौथ्या पिढीची पीसीआयई आहे. माझा स्लॉट तिसऱ्या पिढीचा. वेग मोजणाऱ्या क्रिस्टलडिस्कमार्कमध्ये ३४०० च्या आसपास मिळतात आणि त्या स्लॉटची व्यवहारातली मर्यादाही ३५०० च्या जवळच आहे. मग चौथ्या पिढीची का घेतली? त्या दिवशी तिसऱ्या पिढीच्या चांगल्या ड्राइव्हपेक्षा ती स्वस्त मिळत होती, एवढंच. नवी ड्राइव्ह जुन्या स्लॉटमध्ये निमूट कमी वेगाने चालते, त्याची भीती नको. मात्र ७००० च्या वेगाची महागडी ड्राइव्ह अशा मशिनमध्ये घालणं मला पैशाची नासाडी वाटते.

वेगापेक्षा मी तीन गोष्टी बघितल्या. पहिली जाडी. एम९२०क्यूचा एसएसडी स्लॉट खालच्या बाजूला, रॅमच्या शेजारी आहे. मागचा एक स्क्रू काढून वरचं झाकण सरकवायचं, मग उलटं करून खालचं. झाकण आणि बोर्ड यांच्यात जागा जेमतेम. मोठा हीटसिंक चिकटवलेल्या, गेमिंगवाल्या ड्राइव्ह इथे बसतच नाहीत. चिप एकाच बाजूला असलेली पट्टी घ्यावी, आणि एसएन५८० तशी आहे.

दुसरी गोष्ट टीएलसी की क्यूएलसी, म्हणजे चिपच्या एका कप्प्यात तीन बिट साठवणारी ड्राइव्ह की चार. आमच्या धंद्यात याला महत्त्व आहे. १० बाय २० फुटांचा फ्लेक्स ७२ डीपीआयवर, सीएमवायकेमध्ये केला तर नुसता सपाट एका लेयरचा ६०० एमबीच्या घरात जातो. त्यात नेत्यांचे कापलेले फोटो, सावल्या, पन्नास लेयर आले की फोटोशॉप १६ जीबी रॅम संपवून स्क्रॅच डिस्कवर, म्हणजे ड्राइव्हवरच्या तात्पुरत्या जागेत, लिहायला लागतं. क्यूएलसी ड्राइव्हची कॅशे (वेगाने लिहायची तात्पुरती जागा) भरली की लिहिण्याचा वेग धाडकन खाली येतो, कधी हार्डडिस्कच्या पातळीवर. शिवाय आयुष्य: एसएन५८० च्या १ टीबीला ६०० टीबी लिखाणाची हमी आहे, क्रुशियल पी३ या क्यूएलसी ड्राइव्हच्या १ टीबीला २२० टीबीची. खरं सांगायचं तर २२० देखील माझ्याकडून संपले नसते. शिवजयंती, आंबेडकर जयंती आणि गणपती, तिन्ही सिझन काढून लिखाण दहा टीबीच्या आतच आहे. म्हणजे क्यूएलसी नको म्हणण्याचं माझं कारण कॅशे, आयुष्य नाही.

तिसरी डीरॅम, म्हणजे ड्राइव्हची स्वतःची छोटी रॅम. एसएन५८० मध्ये ती नाही. ती मशिनच्या रॅममधला थोडा तुकडा उसना घेते, त्याला एचएमबी म्हणतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये विंडोज ११ च्या २४एच२ या अपडेटने हा तुकडा ६४ एमबीवरून २०० एमबीपर्यंत घेऊ दिला आणि डब्ल्यूडीच्या एसएन७७० व एसएन५८० च्या २ टीबी ड्राइव्हवर निळे पडदे (विंडोज कोसळल्याची खूण) दिसू लागले. कंपनीने लगेच नवं फर्मवेअर (ड्राइव्हच्या आतलं सॉफ्टवेअर) दिलं. माझी १ टीबीची, तरी ते विंडोज अपडेट करण्याआधी डब्ल्यूडीचं डॅशबोर्ड हे सॉफ्टवेअर टाकून फर्मवेअर तपासलं. २ टीबीवाल्यांनी हे नक्की करावं.

बसवण्यापेक्षा क्लोन करण्यात, म्हणजे जुन्या डिस्कची जशीच्या तशी प्रत काढण्यात, वेळ गेला. नवं विंडोज टाकणं सोपं होतं, पण श्री-लिपीचे फॉन्ट, की-बोर्ड लेआउट आणि कोरलची वर्षानुवर्षं जमवलेली मांडणी पुन्हा करायची नव्हती. जुनी डिस्क एमबीआर या जुन्या पार्टिशन पद्धतीची होती, एनव्हीएमईवरून बूट करायला यूईएफआय (मशिन सुरू करायची नवी पद्धत) आणि जीपीटी (नवी पार्टिशन पद्धत) हवं. विंडोजमध्येच एमबीआरटूजीपीटी नावाचं टूल असतं. आधी व्हॅलिडेट, मग कन्व्हर्ट, मग बायोसमध्ये (मशिनच्या मूळ सेटिंगमध्ये) यूईएफआय. त्यानंतर यूएसबीच्या एनव्हीएमई एन्क्लोजरमध्ये (बाहेरून जोडायच्या डबीत) नवी ड्राइव्ह घालून क्लोनझिला हे प्रत काढणारं सॉफ्टवेअर चालवलं. एन्क्लोजर घेतानाही तोच घोळ असतो, स्वस्तातली बरीच फक्त साटा ओळखतात. क्लोननंतर रिकामी जागा रिकव्हरी पार्टिशनच्या पलीकडे अडकते, ते पार्टिशन हलवल्याशिवाय सी ड्राइव्ह वाढत नाही. डेलच्या ऑप्टिप्लेक्सवाल्यांना अजून एक: बायोसमध्ये बरेचदा साटा मोड 'रेड ऑन' (RAID On) असतो आणि विंडोजच्या इन्स्टॉलरला ड्राइव्हच दिसत नाही. नव्याने विंडोज टाकणार असाल तर आधी तो मोड एएचसीआय (AHCI) करा. चालू विंडोजवर हा बदल सरळ केलात तर ते उठणार नाही, आधी सेफ मोड लावावा लागतो.

आता उन्हाळा. अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ ओलांडतो, आणि आमच्या दुकानात कूलर आहे, एसी नाही. हिवाळ्यात ड्राइव्ह चाळिशीत असायची. मे महिन्याच्या दुपारी नुसती बसून साठीला टेकायची आणि मोठी फाईल सेव्ह करताना सत्तरच्या वर गेलेली पाहिली. पंख्याची हवा प्रोसेसरवरून जाते, खालच्या पट्टीला तिचा फारसा लाभ नाही. मशिन टेबलावर आडवं न ठेवता स्टँडवर उभं केलं, तेव्हा पाच-सहा अंश उतरले. पातळ थर्मल पॅडचा पर्याय आहे, पण पॅड जाड निघालं तर झाकण दाबून लावावं लागतं, म्हणून त्या वाटेला गेलो नाही. मशिन गुदमरल्यासारखं मंदावलंय असं एकदाही जाणवलं नाही.

वीज हा दुसरा शत्रू. अशा घरगुती एसएसडीत अचानक वीज गेल्यावर डेटा सांभाळणारे कपॅसिटर नसतात. ६०० व्हीएचा साधा यूपीएस आधीपासून होता, या मशिनची भूक इतकी कमी की त्यावर काम आवरायला भरपूर वेळ मिळतो.

रोजच्या कामात किती फरक पडला? हार्डडिस्कवरून आल्यावर जमीन-अस्मानाचा. पण मित्राच्या दुकानात तशाच मशिनमध्ये साधी अडीच इंची साटा एसएसडी आहे, ५५० एमबीवाली, आणि लग्नपत्रिका किंवा बिलबुकाचं काम करताना दोघांत मला काही फरक कळत नाही. कळतो तो फक्त जाडजूड फ्लेक्सची फाईल उघडताना आणि सेव्ह करताना.

जुनी हार्डडिस्क वरच्या अडीच इंची कप्प्यात ठेवली, पूर्ण झालेल्या कामांच्या फाईली तिच्यावर जातात. दुकानात टायपिंगसाठी एक एम७३ टायनीही आहे, चौथ्या पिढीचा आय३. त्यात एम.२ एसएसडीची सोयच नाही, तेव्हा त्याला येत्या महिन्यात २५० जीबीची अडीच इंची साटा घेणार आहे, सात मिलिमीटर जाडीची.