कर्ता नक्की कोण? कर्ता-कर्मावरच्या एका ऑनलाइन वर्गाबद्दल

मी मुद्रितशोधक आहे. दिवसभर दुसऱ्यांची वाक्यं तपासते. 'मुलीने चिठ्ठी लिहिली', 'मुलीने पत्र लिहिलं', 'मुलीने निबंध लिहिला' हे बरोबर आहे एवढं लगेच कळतं; असं का, ते मात्र कुणी विचारलं की अडायला व्हायचं. तेवढ्यासाठी हा वर्ग लावला.

तिसऱ्या पाठातच पैसे वसूल झाले. शाळेतली युक्ती आठवत असेल: धातूला 'णारा' लावायचं आणि 'कोण' विचारायचं. 'सुमनला आंबा आवडतो.' आवडणारा कोण? आंबा. म्हणजे आंबा कर्ता. क्रियापदही त्याच्याच मागे जातं. आंब्याच्या जागी चिंच आली की 'आवडते'. मग बाईंनी दुसरं वाक्य लिहिलं: 'सुमनला आपली खोली आवडते.' आपली म्हणजे कुणाची? सुमनची. 'घरी येऊन सुमनला बरं वाटलं.' घरी कोण आलं? सुमनच. एरवी हे 'आपला' आणि हे 'येऊन' कर्त्याशी जोडलेले असतात. म्हणजे 'आवडते'चं लिंग-वचन खोली ठरवते, पण कर्त्याची बाकीची कामं सुमनकडे! तिथेच व्हिडिओ थांबवला आणि तासभर वहीत अशीच वाक्यं करत बसले. भूक लागणं, थंडी वाजणं, राग येणं, सगळीकडे हीच वाटणी.

'ला'चा पाठही सुरेख. 'मुलाने मांजर पाहिली', पण 'मुलाने मांजरीला पाहिलं'. कर्माला 'ला' लागला की क्रियापद त्याला सोडून नपुंसकलिंगी एकवचनात जाऊन बसतं. पाणिनीच्या कारकांवर, म्हणजे कर्ता-कर्म वगैरे क्रियेशी असलेल्या नात्यांवर, मात्र बाई धावतं बोलल्या. कर्म म्हणजे कर्त्याला सर्वांत हवं असलेलं, 'ईप्सिततम', या व्याख्येवर अजून थांबायला हवं होतं.

शेवटच्या चाचणीचं वाईट वाटलं. 'तू चिठ्ठी लिहिलीस' यातला प्रयोग कोणता, याचं उत्तर 'कर्मणी' (क्रियापद कर्माप्रमाणे बदलणारा) एवढंच धरलंय. 'ली' चिठ्ठीमुळे, पण 'स' तर 'तू'मुळे आलाय! आपल्या व्याकरणात याला कर्तृ-कर्मसंकर असं नावही आहे. तेच लिहिलं तर गुण गेला. दोनदा कळवलं, उत्तर नाही. मुलं हेच पाठ करून परीक्षेला बसतील, म्हणून ते दुरुस्त व्हायलाच हवं.

तरी वर्ग जरूर लावा. तिसरा पाठ पाहताना वही जवळ असू द्या.